अर्ज देऊन जा

कुंभार पिंपळगावच्या शिवारातून मोटारीची केबल चोरीला गेली, तर ती देशाच्या गुन्हेगारीच्या आकड्यांत कुठे दिसेल? बहुतेक कुठेच दिसणार नाही. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

पुण्यात फ्लॅट भाड्याने घेणारा माणूस आधी विचारतो, एरिया कसा आहे? वॉचमन आहे का, कॅमेरे आहेत का, रात्री दहानंतर मुलगी एकटी येऊ शकते का? कोयता गँगच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात, आयुक्तालयाचे आकडे पेपरात आलेले असतात. त्यावरून तो काहीतरी ठरवतो. घनसावंगी तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात दुकान टाकणाऱ्याने, आखाड्यावर जनावरं बांधणाऱ्याने, मुलीला एसटीने कॉलेजला पाठवणाऱ्या बापाने हाच प्रश्न विचारला, तर त्याच्यासमोर ठेवायला काय आहे? पारावरच्या गप्पा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून आलेले मेसेज.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा जाडजूड अहवाल निघतो. त्यात 20 लाखांवर वस्तीच्या 19 महानगरांचे वेगळे तक्ते असतात. आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि नागपूर त्यात आहेत. बाकीचा सगळा मुलूख जिल्ह्याच्या एका ओळीत मावतो. जालना शहर, तिथले लोखंडाचे कारखाने, भोकरदन, परतूर, घनसावंगी, सगळं एकाच ओळीत. 2022 साली देशात दर लाख लोकसंख्येमागे 422 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, असं हा अहवाल सांगतो. ती लाख लोकसंख्यासुद्धा अंदाजाचीच, कारण 2011 नंतर जनगणनाच झालेली नव्हती. शिवाय मोजणीचा नियम असा की एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले, तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा धरायचा. घरात घुसून मारहाण केली, दागिने नेले आणि एक माणूस मेला, तर अहवालात खून दिसेल. बाकीचं त्या खुनाच्या पोटात गेलं.

पण हे सगळं नोंद झालेल्या गुन्ह्याचं. केरळचा गुन्हे दर वर्षानुवर्षं उत्तर प्रदेशापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. म्हणून कोणी शहाणा माणूस केरळ सोडून तिकडे सुरक्षित वाटतं म्हणून राहायला गेला आहे का? केरळात माणूस ठाण्यात जातो आणि त्याचं लिहून घेतलं जातं, त्याचा हा आकडा आहे. आपल्याकडे मात्र ‘गुन्हे घटले’ अशी बातमी आली की पालकमंत्र्यांपासून सगळे खूश. चोऱ्या घटल्या की लिहिणं घटलं, हे कोणी विचारत नाही.

आता त्या केबलकडे येऊ. सकाळी लाइट आली म्हणून मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला आधी स्टार्टरच्या पेटीचं दार लोंबकळताना दिसतं. मग विहिरीच्या कडेला कापलेलं टोक. दोनच घाव असतात, एक पेटीखाली आणि एक हात पोचेल तितक्या खोल. थोडं पुढे, ओढ्याच्या आडोशाला नाहीतर पडीक वावरात, जळालेल्या प्लॅस्टिकचा काळा डाग पडलेला असतो आणि त्याचा घशाला चिकटणारा वास अजून गेलेला नसतो. तिथेच आवरण जाळून तांबं मोकळं केलेलं असतं. आवरण गेलं की ही तार कोणाची होती, हे सांगणारी खूणच उरत नाही. भंगारात तांबं किलोवर जातं आणि किलोला शेकड्यांनी भाव मिळतो. इकडे शेतकऱ्याला नवी केबल, जोडणी, मेकॅनिकची मजुरी आणि मोटार पुन्हा चालू होईपर्यंतचा पाण्याचा खाडा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच मोसंबीला फळं धरलेली असताना पाणी तुटलं की झाडाखाली सडा पडतो. त्या गळालेल्या फळांचा पंचनामा कोणी करत नाही.

तो माणूस ठाण्यात जातो. हा संवाद राज्यातल्या कोणत्याही ग्रामीण ठाण्यात ऐकायला मिळेल.

‘काय गेलं?’

‘केबल, साहेब.’

‘कितीची?’

‘असेल तीन-साडेतीन हजारांची.’

‘संशय कोणावर?’

‘कोणाचं नाव घेऊ?’

‘बरं, अर्ज देऊन जा.’

अर्जावर शिक्का बसला तरी नशीब. त्याला गुन्हा क्रमांक मिळत नाही, तपास अधिकाऱ्याचं नाव मिळत नाही, आणि महिन्याने विचारायला गेलं तर ते साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. पुढच्या वेळी शेजाऱ्याची केबल गेली की हाच माणूस त्याला सांगतो, जाऊ दे रे, पेट्रोल वाया. अशी दोन वर्षं गेली की त्या शिवारात कागदावर एकही चोरी उरत नाही.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. भारतीय न्याय संहितेचं कलम 303 चोरीचं. चोरीचा माल 5,000 रुपयांच्या आतला असेल, पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. पोटासाठी चोरी करणाऱ्या पोराला तुरुंगात सडवू नये, हा त्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच जोडीने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात 5,000 च्या आतली चोरी अदखलपात्र करून टाकली. अदखलपात्र म्हणजे पोलीस वहीत लिहून घेणार, तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा म्हणणार आणि त्यांच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. दिल्लीत बसून 5,000 ची रेघ ओढणाऱ्यांनी खेड्यातल्या चोरीची यादी एकदा करून बघायला हवी होती. केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, कोंबड्या, सोयाबीनचं एखादं कट्टं. इथली निम्मी चोरी त्या रेघेच्या खालीच राहते. एका केबलसाठी कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार?

म्हणून दोन गोष्टी वाचकाने पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, न्याय संहितेच्याच 305 व्या कलमात राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून झालेली चोरी येते. तिला 5,000 ची अट नाही, ती दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. स्टार्टर बंद खोलीतून गेला असेल, आखाड्यातल्या कोठीतून खताची पोती गेली असतील, तर अर्जात ‘शेतातून गेलं’ असं मोघम लिहू नका. कुठल्या खोलीतून गेलं, कुलूप कसं तोडलं, ते लिहा. दुसरी, एका रात्रीत पाच-सहा विहिरींवरच्या केबली गेल्या असतील तर एकेकटे जाऊ नका. सगळे मिळून जा आणि नुकसान एकत्र मांडा. आणि भाव आजचा सांगा, दुकानदाराच्या कच्च्या बिलासकट. दहा वर्षांपूर्वी आणली तेव्हाचा सांगू नका.

मोबाइलचं तर विचारूच नका. बाजाराच्या दिवशी गर्दीत खिशातून फोन उचलला जातो. तो चोरीलाच गेला आहे, हे पोराटोरांनाही कळतं. पण कागदावर ‘गहाळ’ येतं. ‘गहाळ लिहा, लवकर काम होईल, सिम तरी मिळेल,’ असं समजावून सांगितलं जातं. 2023 पासून चोरीचा फोन बंद पाडायची आणि शोधायची केंद्राची सोय सगळ्या देशात चालू झाली, तिचा उपयोगही होतो. फोन परत मिळाल्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. फोन मिळतो तेव्हा आनंदच आहे. पण चोर कुठे आहे? कागदावर चोरीच झाली नव्हती, तर चोर कुठून येणार!

पोलिसांना नुसतं झोडपून मी मोकळा होणार नाही. एका बीट अंमलदाराकडे किती गावं असतात ते त्याला विचारा. समन्स त्यानेच पोचवायचं, पंचनामा त्यानेच करायचा, यात्रा, निवडणूक, मिरवणूक त्यानेच सांभाळायची. शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला 1 सप्टेंबर 2023 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हापासून तर हा भाग बंदोबस्त आणि आंदोलन यांतच राहिला. आणि वरून विचारणा कशाची होते? तुमच्या ठाण्यात यंदा चोऱ्या वाढल्या कशा? ज्याने प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं तो अडचणीत आणि ज्याने अर्जांवर भागवलं त्याचा तक्ता चकचकीत. ही मोजपट्टी मुंबईच्या कार्यालयांतून बदलली पाहिजे. किती गुन्हे आले यावर अधिकाऱ्याला धारेवर धरू नका, किती उघडकीला आले ते विचारा.

मनावर घेतलं तर तपास होतो, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. जांब समर्थ घनसावंगी तालुक्यातलंच, समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती रात्रीत चोरीला गेल्या. सगळा मुलूख हळहळला, विधिमंडळात आवाज उठला, जिल्ह्याची पोलीस यंत्रणा कामाला लागली. ऑक्टोबरमध्ये आरोपी पकडले गेले आणि मूर्ती मिळाल्या. त्या तपासाचं कौतुक मी तेव्हाही केलं, आजही करतो. नव्या संहितेत तर पूजास्थानातली मूर्ती चोरणं त्या 305 व्या कलमातच स्वतंत्रपणे लिहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की मूर्ती असो की तांब्याची तार, चोरीचा माल कोणीतरी विकत घेतो म्हणूनच चोरी होते. पकडायचा तर तो घेणारा पकडा. तालुक्यातले भंगाराचे व्यापारी मोजके आहेत, त्यांच्या वजनकाट्यावर जळकं तांबं कुठून येतं हे महिन्यातून एकदा जाऊन बघायला किती मनुष्यबळ लागतं? माल कोणाकडून घेतला, त्याचं नाव, आधारचा फोटो, वजन, एवढी वही ठेवायला लावा. शिवारात रात्री गस्त घालण्यापेक्षा दिवसा काट्याजवळ उभं राहिलेलं जास्त कामाला येईल.

आता ज्या गुन्ह्याबद्दल गाव स्वतःच गप्प बसतं, त्याचं बोलतो. इथे दोष ठाण्यावर टाकून चालणार नाही.

कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या मागे मोटारसायकल लागते. स्टँडवर शेरे मारले जातात. नंबर मिळवून रात्री मेसेज येतात. पाठलाग हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं 78 वं कलम त्यासाठीच आहे. किती घरं ठाण्यात जातात? मुलगी आईला सांगते, आई बापाला सांगते, बाप भावकीत विचारतो, भावकी म्हणते, नाव जाईल. मग तोडगा निघतो: हिचं कॉलेज बंद करा. त्याच्या पुढचा तोडगा, हिचं लग्न उरकून टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जालना जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या साधारण दर तीन बायकांतल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, तो गुन्हा दखलपात्र आहे. ‘जमाना वाईट आहे, वाटेत काही झालं तर?’ म्हणून पोरीला सुरक्षित करायला निघालेलं घर स्वतःच गुन्हा करून बसतं. मांडव पडतो, जेवणावळी उठतात, गावातला प्रत्येक माणूस त्या गुन्ह्याचा साक्षीदार असतो आणि तक्रारदार एकही नसतो. त्रास देणारा पोरगा मात्र त्याच स्टँडवर दुसऱ्या मुलीची वाट बघत उभा असतो.

मानव विकासच्या निळ्या बस मुलींना शाळेपर्यंत नेतात, ही फार मोठी गोष्ट झाली. पण बस वेळेवर येणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. शेवटची गाडी चुकली किंवा रद्द झाली तर मुलींनी अंधारात स्टँडवर किती वेळ थांबायचं? स्टँडवरचा दिवा बंद असेल तर तो ग्रामपंचायतीने आजच्या आज लावावा. त्याला कुठल्याही कलमाची गरज नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांची घरं हीसुद्धा अशीच नजरेआड राहतात. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, घराला कुलूप लागतं, मागे म्हातारी नाहीतर कोणीच नाही. कुलूप कधी तुटलं हे उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आल्यावर कळतं. मग फिर्यादीत चोरीची तारीख काय लिहायची, इथूनच अडतं. पोलीस पाटलाने टोळ्या निघायच्या आधी बंद घरांची यादी करून बीटच्या अंमलदाराकडे द्यावी. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हे पद दिलं ते दाखले लिहिण्यापुरतं नाही.

नोंद नसली की काय होतं, ते आपण 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर पाहिलं. बीड, जालना, संभाजीनगरकडच्या गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले. कोणाचे, कशाला, कोणालाच माहीत नाही. चोर घरं हेरतात, अशी बोलवा झाली. माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली, बायका-पोरं गच्चीवर झोपायची बंद झाली. विषय विधिमंडळात गेला. त्या रात्री ‘या पंधरवड्यात आपल्या ठाण्याच्या हद्दीत इतक्या घरफोड्या झाल्या, या या गावांत झाल्या’ असा एक साधा कागद गावोगावी आला असता, तर निम्मं जागरण वाचलं असतं. आकडा नसला की माणूस भीतीच्या मापाने मोजतो.

आणि ती भीती जीव घेते. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तशाच अफवेवरून. आपल्या भागात रात्री काही झालं की पहिलं नाव कोणाचं घेतलं जातं, हे मी सांगायला नको. पालं टाकून राहणाऱ्यांचं, पारध्यांचं. जन्माने गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा कायदा 1952 साली रद्द झाला. गावाच्या जिभेवरून तो अजून उतरलेला नाही. चोरीचा पुरावा नाही, तपास नाही, एफआयआर नाही, पण चोर कोण ते मात्र पारावर ठरलेलं! तपास झालाच नाही तर त्या पालातल्या माणसाने निर्दोष असल्याचं कुठे सिद्ध करायचं? नोंद करून घेणं जितकं शेतकऱ्याच्या हिताचं, तितकंच त्याच्याही.

ग्रामसुरक्षा दल करा, जरूर करा. एका नंबरवर फोन केला की सगळ्या गावाचे फोन वाजतात, ती ग्रामसुरक्षा यंत्रणाही चांगली आहे, तिने चोर पळवले आहेत. पण दलातल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा: अनोळखी माणूस दिसला तर विचारपूस करा, 112 ला फोन करा, हात लावू नका. काठी उचलणाऱ्याला दलातून काढा.

आता गावाने करायचं काय ते सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळलेले असतात. जिल्हा निवडा, ठाणं निवडा, तारीख टाका, यादी समोर येते. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने दर महिन्याला घनसावंगीची यादी काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, फिर्यादीची नावं झाकून. शेजारी दुसरा कागद लावावा, गावात प्रत्यक्षात काय काय गेलं त्याचा. दोन्ही कागदांतला फरक सगळ्यांना दिसू द्या. पुढच्या ग्रामसभेला ठाण्याच्या अधिकाऱ्यांना रीतसर पत्र देऊन बोलवा आणि विचारा, वर्षभरात आमच्या गावातून अर्ज किती आले, अदखलपात्र म्हणून किती लिहिले, गुन्हे किती नोंदले, उघडकीला किती आले. अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे. म्हणजे हा हिशोब ठाण्यात तयारच असला पाहिजे.

आणि तुमची स्वतःची चोरी झाली असेल, तर ‘अर्ज देऊन जा’ म्हटल्यावर उठू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 सालीच सांगितलं. हद्द कोणाची हा वाद तुमचा नाही, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात होतो. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मग सही करा. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नोंदवून घेतलंच नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चं चौथं पोटकलम लिहून तीच हकीकत पोलीस अधीक्षक, जालना यांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा. तिथूनही काही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तेव्हा त्या पोस्टाची पावती लागते. ती जपून ठेवा.